पऱ्हाटीच्या द्रावाचा ब्रिक्स ५, तरी यीस्ट का चालत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. काडीकचऱ्यातून साखर काढून ती आंबवून इथेनॉल करता येतं का हे बघायला चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी गटाने पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) भुगा ५०० ग्रॅम घेतला, त्यात ५ लिटर पाणी आणि बॅटरीचं १५० मिली ॲसिड घातलं, ॲल्युमिनियमच्या मोठ्या कुकरमध्ये तासभर शिजवलं, गाळलं आणि कॉस्टिक सोड्याने पीएच ५.५ वर आणला. रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखरेचा अंदाज देणाऱ्या उपकरणावर) ब्रिक्स ५, म्हणजे वरवर पाहता ५ टक्के साखर, दिसला. बेकरीचं यीस्ट टाकलं. पहिल्या दिवशी थोडा फेस आला, नंतर काहीच नाही. चूक कुठे झाली, पऱ्हाटी, केळीचं खोड आणि मका यांपैकी सुरुवात कशापासून करावी आणि १०० किलोमागे किती साखर धरावी, असं त्यांनी विचारलं आहे.

दोष यीस्टचा नाही. त्याला खायलाच फारसं काही नव्हतं. त्या ब्रिक्स ५ ची फोड केली की हे लगेच दिसतं.

बॅटरीचं ॲसिड म्हणजे १.२५ विशिष्ट गुरुत्वाचं, साधारण ३४ टक्के गंधकाम्ल. १५० मिलीचं वजन १८८ ग्रॅम, त्यात शुद्ध आम्ल ६४ ग्रॅम. ५ लिटरमध्ये १.३ टक्के. ते मारायला ५२ ग्रॅम कॉस्टिक लागतो आणि त्यातून ९२ ग्रॅम सोडियम सल्फेट तयार होतं, म्हणजे लिटरमागे १८ ग्रॅमहून जास्त. रिफ्रॅक्टोमीटर साखर ओळखत नाही. पाण्यात काहीही विरघळलं आणि प्रकाश जास्त वाकला की तो आकडा वाढवतो, आणि सोडियम सल्फेट हे काम जवळपास साखरेइतकंच करतं. तेव्हा ५ पैकी १.८ च्या आसपास निव्वळ क्षार. पऱ्हाटीत झायलान (झायलोज या साखरेच्या साखळ्या) १८ टक्क्यांच्या आसपास धरलं तर ५०० ग्रॅममध्ये ९० ग्रॅम, त्यातून जास्तीत जास्त १०२ ग्रॅम झायलोज. त्यातलं ८५ टक्के सुटलं असं मानलं तर लिटरला १७ ग्रॅम, म्हणजे ब्रिक्सचे आणखी १.७. उरलेल्यात ॲसेटिक आम्ल, लिग्निनचे तुकडे, टॅनिन, राखेतले क्षार. ग्लुकोज लिटरला दोन-तीन ग्रॅम निघालं असेल तर पुष्कळ.

बेकरीचं यीस्ट झायलोज आंबवत नाही. पहिल्या दिवशीचा फेस त्या थोड्याशा ग्लुकोजचा आणि यीस्टने स्वतःच्या पेशीत साठवलेल्या साखरेचा होता.

यीस्ट उपाशी होतं की द्रावात विषारी काही होतं, हे ठरवायची सोपी चाचणी आहे. तोच द्राव दोन बाटल्यांत घ्या. एकीत लिटरला २० ग्रॅम या हिशेबाने दुकानातली साधी ग्लुकोज पावडर घाला, दोन्हींत सारखं यीस्ट टाका. ग्लुकोजवाली बाटली फसफसली तर उपासमार. तीही गप्प राहिली तर द्रावात ॲसेटिक आम्ल, फुरफुरॉल (झायलोज जास्त शिजून होणारं, यीस्टला मारक द्रव्य) किंवा फिनॉल जास्त आहेत. तुमच्या तापमानाला आणि वेळेला फुरफुरॉल फार होत नाही, म्हणून निकाल पहिलाच येईल असा माझा अंदाज.

पुढे जाण्याआधी कुकरबद्दल. गंधकाम्ल आणि कॉस्टिक दोन्ही ॲल्युमिनियम खातात, आणि खाताना हायड्रोजन वायू सुटतो. बंद भांडं, पातळ झालेला तळ, अडकलेली शिट्टी आणि ज्वालाग्राही वायू एकत्र आले तर काय होईल ते सांगायला नको. तो कुकर स्वयंपाकाला आणि प्रयोगालाही बाद करा. स्टीलचा कुकरही गरम गंधकाम्लात फार टिकत नाही. कुकर वापरायचाच तर त्यात खाली साधं पाणी ठेवा आणि रसायन टाकलेला माल बोरोसिलिकेट काचेच्या बाटलीत, झाकण सैल ठेवून, त्या पाण्यात उभा करा. रसायन धातूला लागता कामा नये. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. आम्ल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

काडीत साखर कुठे असते

पऱ्हाटी-तुराटीचा कुड आपल्याकडे सगळ्यांनी पाहिला आहे. काडीची रचना तशीच: उभ्या काड्या म्हणजे सेल्युलोज, त्यांना आवळणारा बंध म्हणजे हेमिसेल्युलोज, वर लिंपलेला गारा म्हणजे लिग्निन. सेल्युलोज हे ग्लुकोजचं, यीस्टला हवं तेच. हेमिसेल्युलोज आपल्या पिकांत मुख्यतः झायलोजचं. लिग्निनमध्ये साखर नाहीच, उलट ते एन्झाइमला चिकटवून ठेवतं.

एक-दीड टक्का आम्ल आणि १२१ अंश सेल्सिअस एवढ्याने बंध सुटतो, उभ्या काड्या जागच्या हलत नाहीत. सेल्युलोजच्या साखळ्या घट्ट स्फटिकासारख्या बसलेल्या असतात. त्या निव्वळ आम्लाने तोडायच्या तर एकतर २०० अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि मग निघालेलं ग्लुकोज तिथेच जळून एचएमएफ हे फुरफुरॉलसारखंच मारक द्रव्य होतं, किंवा ७० टक्क्यांच्या आसपासचं तीव्र आम्ल वापरून ते परत मिळवण्याचा कारखाना उभारावा लागतो. गटाच्या शेडमध्ये या दोन्ही गोष्टी होणाऱ्या नाहीत. म्हणून काम दोन टप्प्यांत होतं: आधी रसायन आणि उष्णतेने भिंत मोकळी करायची, मग सेल्युलेज एन्झाइमने सेल्युलोज कापायचं. तुम्ही पहिला टप्पा केला, दुसरा केलाच नाही, आणि पहिल्यातही पऱ्हाटीसाठी चुकीचं रसायन निवडलं.

का चुकीचं, त्याचे आकडे आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पऱ्हाटीवर २ टक्के गंधकाम्ल आणि २ टक्के कॉस्टिक, दोन्ही १२१ अंशांवर ९० मिनिटं वापरून तुलना केली होती. आम्लाने ९५ टक्के झायलान काढलं, पण मागाहून एन्झाइमला फक्त २४ टक्के सेल्युलोज कापता आलं. कॉस्टिकने ६५ टक्के लिग्निन उतरवलं आणि एन्झाइमने ६१ टक्के सेल्युलोज कापलं. पऱ्हाटी हे खरं तर लाकूडच आहे. गारा उतरवल्याशिवाय तिथे एन्झाइमचा हात पोचत नाही.

सुरुवात कशापासून

मक्याच्या दाणे काढलेल्या रिकाम्या कणसांपासून. माझं मत यात ठाम आहे. लिग्निन १५ टक्क्यांच्या आसपास, पऱ्हाटीत ते २२ ते २८. सेल्युलोज ३५ ते ४०, झायलान ३० च्या जवळ. मळणी यंत्राजवळ एकाच ठिकाणी ढीग पडतो, माती कमी, वाळलेला माल, आणि कुटायलाही सोपा. ओलावा १२ टक्क्यांच्या आत असताना गोदामात घ्या. बुरशी लागलेली कणसं घेऊ नका, तुमच्या आधी तिने साखर खाल्लेली असते. मक्याची ताटंही चालतील, पण ती जमिनीवर लोळलेली असतात आणि त्यांच्याबरोबर माती येते.

केळीच्या खोडाचा मोह रावेर-यावलकडे सगळ्यांना होतो, कारण घड उतरवल्यावर एकरी शेकड्याने खोडं पडून असतात. लिग्निनही त्यात कमी. अडचण पाण्याची. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. १०० किलो खोड तोडून आणलं तर कोरडा माल ७ किलो धरा. त्यात सेल्युलोज ४० टक्के, म्हणजे २.८ किलो, सगळं कापलं गेलं तर ३.१ किलो ग्लुकोज, प्रत्यक्षात २ च्या वर थोडं. एवढ्यासाठी ट्रॅक्टर फिरवणं परवडत नाही. दुसरी अडचण राखेची: कोरड्या मालात १० ते २० टक्के राख, त्यात पोटॅशच पोटॅश. ही राख आम्ल मारते. तुम्ही १ टक्का आम्ल घातलंत असं समजता, पण प्रत्यक्षात निम्मं आधीच संपलेलं असतं. खोडावर प्रयोग करायचाच असेल तर आडवे दोन-तीन सेंटीमीटरचे काप करा (लांब धागा राहिला तर तो गिरणीच्या शाफ्टला गुंडाळून बसतो), उसाच्या चरकातून रस पिळून काढा, चोथा एकदा पाण्यातून काढा, मगच पुढे जा. रस शेतात परत द्या. त्यातलं पोटॅश तिथलंच आहे. धागा काढणाऱ्या युनिटकडे उरलेला चोथा मिळत असेल तर मात्र हिशेब बदलतो, कारण तोडणी, वाहतूक आणि पिळण्याचा खर्च दुसऱ्याने केलेला असतो.

पऱ्हाटी मुबलक आहे, पण ती तिसऱ्या क्रमांकावर. शिवाय गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटीचे ढीग बांधावर उन्हाळाभर ठेवता येत नाहीत. किडक्या बोंडांतल्या अळ्या तिथेच मुक्काम करतात आणि पुढच्या हंगामाला हजर होतात. वेचणी संपली की लगेच कुट्टी करून बारीक माल साठवायचा. उपटलेल्या मुळाची माती, झाडावर राहिलेली कवडी आणि सालीचा धागा, या तिन्हींनी हॅमर मिलची जाळी बुजते. जमिनीपासून चार बोटं वर कापा, आधी दोन सेंटीमीटर तुकडे, मग ३ मिलिमीटरच्या जाळीतून काढा. याहून बारीक करण्यात वीज जाते, साखर त्या मानाने वाढत नाही.

ज्वारीचा कडबा, बाजरीचं सरमाड आणि सोयाबीनचं कुटार यांना हात लावू नका. ते गुरांचं आहे आणि त्याला भाव आहे.

मक्याच्या कणसांची बाटलीतली चाचणी

सगळे हिशेब कोरड्या वजनावर. थोडा भुगा १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओलावा काढा आणि तो आकडा वहीत लिहा. हे न करता टक्केवारी मांडली की पुढचा प्रत्येक आकडा खोटा ठरतो.

५०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅम कोरड्या वजनाइतका भुगा, त्यावर १ टक्क्याचं गंधकाम्ल ३०० मिली. एक लिटर असं द्रावण करायला ९८ टक्क्यांचं प्रयोगशाळेचं आम्ल ५.६ मिली पुरतं. आम्ल घातल्यावर दोन-तीन तास भिजू द्या. लगेच उष्णता दिली तर कणाच्या मध्यापर्यंत आम्ल पोचत नाही. बाहेरचं झायलोज जास्त शिजून फुरफुरॉल होतं आणि आतलं कच्चं राहतं. भिजल्यावर पीएच पाहा. १ च्या आसपास असला पाहिजे. २ च्या वर गेला असेल तर मालात माती किंवा राख जास्त आहे. तेवढं आम्ल वाढवा नाहीतर माल धुऊन घ्या.

मग १५ पौंड दाबावर, म्हणजे १२१ अंशांवर, ४५ ते ६० मिनिटं. दाब पूर्ण चढल्यावर घड्याळ सुरू करायचं. थंड झाल्यावर नायलॉनच्या कापडातून गाळा आणि पिळा. द्रावात साधारण ८ ग्रॅम झायलोज येईल, लिटरला २६ ग्रॅमच्या हिशेबाने. उरलेला चोथा पाण्याने तीन-चार वेळा धुवा, पीएच ५ च्या आसपास येईपर्यंत.

हा चोथा वाळवायचा नाही. हे वारंवार चुकतं. उन्हात वाळवला की आम्लाने उघडलेली छिद्रं मिटून जातात, परत भिजवूनही ती पूर्ण उघडत नाहीत आणि एन्झाइमचं काम बरंच घटतं. ओलाच, पिशवीत बंद करून, फ्रीजमध्ये ठेवा. वजनासाठी त्यातला थोडा वेगळा काढून वाळवा.

झायलोजचा द्राव फेकू नका. त्याला पिचिया स्टिपिटिस (नवं नाव शेफरसोमायसिस स्टिपिटिस) हे वेगळं यीस्ट लागतं. ते झायलोज आंबवतं, पण सावकाश, थोडी हवा मागतं आणि ॲसेटिक आम्लाला घाबरतं. आंबवण्याआधी विरलेल्या चुन्याची पूड घालून पीएच १० वर न्या, ६० अंशांवर अर्धा तास ढवळा, गरम असतानाच गाळा, मग आम्लाचे थेंब टाकत ५.५ वर आणा. नुसतं आम्ल मारायला १०० ग्रॅम गंधकाम्लामागे ७५ ग्रॅम विरलेला चुना लागतो, पीएच १० साठी थोडा जास्त. यात फुरफुरॉल आणि फिनॉल बरेच कमी होतात, ॲसेटिक आम्ल मात्र तसंच राहतं. कॉस्टिकऐवजी चुन्याचा आणखी फायदा असा की तयार होणारा जिप्सम लिटरला दोन-अडीच ग्रॅमच विरघळतो, बाकी खाली बसतो. रिफ्रॅक्टोमीटर निदान पूर्वीइतका खोटं बोलत नाही. पीएच १० ओलांडून १२ वर गेला आणि द्राव गरम असला तर साखरच करपते, रंग तांबडा-काळा होतो.

पऱ्हाटीसाठी कॉस्टिक, आणि त्याची किंमत

पऱ्हाटीला २ टक्के कॉस्टिक, एकास दहा, १२१ अंश, ६० ते ९० मिनिटं. बाटलीत हे छान चालतं. मोठ्या प्रमाणावर हाच हिशेब मांडा: १०० किलो पऱ्हाटीला १,००० लिटर पाणी आणि २० किलो कॉस्टिक. धुण्याचं पाणी वेगळं. आणि शेवटी हातात राहतं ते काळं पाणी, सोडियम आणि लिग्निनने भरलेलं. ते नाल्यात सोडता येत नाही आणि शेतात तर मुळीच नाही. आपल्या काळ्या जमिनीत सोडियम गेला की जमीन चोपण होते आणि जिप्सम टाकत बसावं लागतं.

म्हणून कमी पाण्यात, एकास पाच प्रमाणात, काडीच्या वजनाच्या १० टक्के कॉस्टिक असं करून बघावं. माल सारखा भिजला नाही तर निकाल डागाडागाचा येतो, पण पाणी आणि रसायन निम्म्यावर येतं. मक्याच्या ताटांसाठी चुना हा चांगला पर्याय: कोरड्या मालाच्या ७.५ ते १० टक्के विरलेला चुना, एकास पाच पाणी, १२० अंशांवर चार तास. तापमान कमी ठेवलं तर काम आठवड्यांवर जातं. चुना स्वस्त आहे आणि त्याचा कॅल्शियम जमिनीला खुपत नाही, पण लाकडासारख्या पऱ्हाटीवर तो कॉस्टिकइतका प्रभावी नाही.

कडब्यावर ४ टक्के युरियाचं पाणी शिंपडून २१ दिवस झाकून ठेवायची चाऱ्याची पद्धत अनेकांना माहीत आहे. तत्त्व हेच: युरियातून अमोनिया सुटतो आणि बंध सैल करतो. गाईच्या पोटाला तेवढं पुरतं, कारण तिथे जिवाणू तासन्‌तास काम करतात. बाहेर एन्झाइम विकत आणून साखर काढायची तर एवढं सैल होणं पुरत नाही.

एन्झाइम: कोणतं, किती, कसं

विकत घेताना एकच प्रश्न विचारा: एफपीयू किती? म्हणजे गाळणकागदावर मोजलेली क्रियाशीलता. बाजारात सेल्युलेज नावाने कापड उद्योगाचं बायो-पॉलिशिंगचं एन्झाइम सहज आणि स्वस्त मिळतं. त्याच्या पत्रकावर सीएमसी एककात मोठमोठे आकडे असतात. ते कापडाचा वरचा लव काढण्यासाठी बनवलेलं असतं. कापड विरघळलं तर गिऱ्हाईक पळेल, म्हणून ते खोल कापतच नाही. तुमच्या कामाला ते बिनकामाचं.

तसंच ट्रायकोडर्मा विरिडीचं. मर रोगासाठी आपण जमिनीत टाकतो ती बुरशी चोथ्यावर टाकली तर साखर मिळेल का, असं बरेच जण विचारतात. मिळणार नाही. जिवंत बुरशी साखर सुटेल तशी स्वतः खाते. वेस्ट डीकंपोझरचंही तेच. साखर हवी तर बुरशी नको, तिने सोडलेलं एन्झाइम हवं. औद्योगिक एन्झाइम ट्रायकोडर्मा रीसीच्या निवडून वाढवलेल्या वाणांतून येतं, आणि त्याला जोडीला बहुधा ॲस्परजिलस बुरशीचं बीटा-ग्लुकोसिडेज (ग्लुकोजच्या जोड्या सुट्या करणारं एन्झाइम) लागतं.

मात्रा सेल्युलोजच्या ग्रॅममागे १५ एफपीयू. उदाहरण: आम्लाने धुतलेल्या कणसांचा चोथा १० ग्रॅम कोरडा, त्यात ५५ टक्के सेल्युलोज म्हणजे ५.५ ग्रॅम, म्हणून ८२ एफपीयू. एन्झाइम मिलीला १०० एफपीयूचं असेल तर ०.८ मिली. चोथा, ०.०५ मोलर सायट्रेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) पीएच ४.८, एकूण १०० मिली. आधी उकळून थंड करा, ५० अंशांवर आल्यावरच एन्झाइम घाला. ६० च्या पुढे एन्झाइम मरतं. ५० अंशांवर ४८ ते ७२ तास, सतत हलवत. पीएच रोज पाहा. तो आपोआप घसरायला लागला तर आत जिवाणू शिरले आहेत आणि तुमची साखर लॅक्टिक आम्ल होत चालली आहे.

मोजायला डीएनएस पद्धत सगळीकडे वापरतात: अभिकारकासोबत पाच मिनिटं उकळायचं आणि ५४० नॅनोमीटरवर रंग वाचायचा. ती प्रत्येक अपचायक साखर मोजते, म्हणजे झायलोज आणि सेलोबायोजही (दोन ग्लुकोजची जोडी). यीस्टला उपयोगी किती, हे तिला कळत नाही. ग्लुकोज वेगळं मोजायला पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तशर्करेसाठी वापरतात ते जीओडी-पीओडी किट उत्तम. द्राव शंभरपट पातळ करून, तटस्थ करून लावायचा. घरच्या ग्लुकोमीटरवर विसंबू नका, काही पट्ट्या झायलोजलाही ग्लुकोज समजतात. डीएनएसचा आकडा वाढतोय पण किटवरचा ग्लुकोजचा वाढत नाही, असं दिसलं तर चोथ्यात झायलान बरंच शिल्लक आहे का ते आधी बघा. ते नसेल तर सेलोबायोज साचतंय, आणि बीटा-ग्लुकोसिडेज कमी पडतंय.

आंबवणं

लिटरला ५ ग्रॅम कोरडं यीस्ट, अर्धा ते एक ग्रॅम डीएपी, पीएच ५ ते ५.५, तापमान ३० ते ३२. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला शेडमध्ये ४५ अंश असतात. साधं यीस्ट तिथे ३८ च्या पुढे दम टाकतं. मोठ्या टाकीत आंबताना स्वतःची उष्णता आणखी वाढते. ४० च्या पुढे चालणारं क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस हे यीस्ट आहे, पण ते जास्त अल्कोहोल सोसत नाही. सुरुवातीचे प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकलेले बरे.

अल्कोहोल किती झालं ते बघायला ऊर्ध्वपातन करायची गरज नाही. बाटलीला बुडबुड्यांची नळी लावा आणि ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर रोज वजन घ्या. घटलेलं वजन म्हणजे निघून गेलेला कार्बन डायऑक्साइड, त्याला १.०४५ ने गुणलं की इथेनॉल ग्रॅममध्ये. विनापरवाना दारू गाळणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे, मग ते प्रयोग म्हणून असो की इंधन म्हणून. आंबवण्याचा भाग विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेबरोबर करा. जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जवळच आहे.

१०० किलोला किती

कोरड्या मक्याच्या कणसांतून, काम नीट झालं तर, २८ ते ३० किलो ग्लुकोज आणि २५ ते २७ किलो झायलोज. पऱ्हाटीतून कॉस्टिकच्या वाटेने २५ किलोच्या आसपास ग्लुकोज. केळीच्या ओल्या खोडातून वर सांगितले तेवढे दोन किलो.

पण किलोपेक्षा लिटरमागे ग्रॅम जास्त महत्त्वाचे. एक ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ०.५१ ग्रॅम इथेनॉल. ऊर्ध्वपातनाचा खर्च झेपायला द्रावात निदान ४ टक्के इथेनॉल हवं, म्हणजे लिटरला ८० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चोथ्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास. दहा टक्क्यांवर केलेला बाटलीतला प्रयोग सुंदर दिसतो, पण त्यातून दोन-अडीच टक्के इथेनॉल निघतं आणि बाकीचं पाणी तापवण्यातच इंधन जातं. आणि १५ टक्क्यांच्या पुढे मोकळं पाणीच दिसत नाही. सगळं पाणी चोथा पितो, ढवळणारं पातं फिरत नाही. तेव्हा आधी १० टक्के घालून, पातळ झाल्यावर आठ-दहा तासांनी पुढचा हप्ता, असं करत चढावं लागतं.

मोठ्या कारखान्यांनाही हे सोपं गेलेलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेल्या इंडियन ऑइलच्या पानिपत प्रकल्पाचं उद्दिष्ट वर्षाला २ लाख टन भाताच्या पेंढ्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनाला १५० लिटर. दोन्ही साखरा पूर्ण धरल्या तर कागदावर टनाला ४०० लिटरच्या पुढे आकडा जातो. या दोन आकड्यांमधला फरक ओलावा, माती, न कापलं गेलेलं सेल्युलोज आणि वाया गेलेलं झायलोज यांचा. तो प्रकल्प नऊशे कोटींच्या वरचा आहे. गटाने इथेनॉलचं युनिट टाकायचं मनात आणू नये, असं मी स्पष्टच सांगेन. स्वच्छ, कोरडा, मातीविना कुटलेला माल तयार करणं आणि कोणत्या मालातून किती ग्लुकोज निघतं याचे स्वतःचे आकडे हाताशी असणं, हे मात्र गटाला जमण्यासारखं आहे, आणि खरेदीदार पुढे तेच विचारेल.

पुढच्या चाचणीला एक नाही, चार बाटल्या लावा. पहिलीत कच्चा भुगा आणि एन्झाइम, दुसरीत प्रक्रिया केलेला चोथा आणि एन्झाइम, तिसरीत तोच चोथा पण एन्झाइमविना, चौथीत नुसतं बफर आणि एन्झाइम. बाजारातल्या द्रव एन्झाइमला टिकवण्यासाठी त्यातच साखर घातलेली असते. चौथ्या बाटलीतलं ग्लुकोज पहिल्या दोन बाटल्यांच्या आकड्यांतून वजा केलं नाही, तर ती साखर तुमच्या पऱ्हाटीच्या नावावर जमा होते.